तोंड मिनूचं, डोळा कोणाचा?

सकाळी ६.४५

दूधवाला यायच्या आत लॅपटॉप उघडते. एकदा कुकर, फोन आणि दारावरची बेल सुरू झाली की डोकं ताब्यात राहत नाही. एका दिवाळी अंकाच्या डिजिटल आवृत्तीसाठी चित्रकथा करतेय. चित्रं मी काढत नाही, खेळातून टिपते. ‘द सिम्स ४’मध्ये घर बांधायचं, माणसं घडवायची, त्यांना त्या घरात वावरू द्यायचं आणि हवा तो क्षण दिसला की कीबोर्डवरचा ‘सी’ दाबायचा. चित्र मुकाट्याने ‘स्क्रीनशॉट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. काल रात्री तिथे चांगलाच ढीग झालाय.

कथा साधी आहे. आई, थोरली रेवा, धाकटी मिनू. वडील बाहेरगावी आणि त्यांचे पैसे यायचे थांबलेले. रेवाची फी भरायला आई पाटल्या मोडते आणि कोणाला सांगत नाही. घटना ठरली, माणसं ठरली, घरही बांधून झालं. अडलंय ते एकाच ठिकाणी: हे सगळं सांगायचं कोणी?

ढीग उपसायला घेते. बऱ्याच चित्रांत डोक्यावर तो हिरवा मणी लटकतोय. खेळणारा ज्या पात्राला चालवत असतो, त्याच्या डोक्यावर खेळ हा मणी ठेवतो. चित्रकथेत मात्र तो घातक. वाचक मणी बघतो आणि समजतो, हाच नायक. माझा निवेदक अजून ठरलेला नाही आणि खेळाने परस्पर निकाल देऊन टाकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘हेडलाइनइफेक्ट्स ऑफ’ टाइप केलं की मणीही जातो आणि डोक्यावरचे विचारांचे फुगेही. मणी असलेली सगळी चित्रं बाद.

सकाळी ८.००

चहा, पोहे, आईच्या गोळ्या. हात कामात असले की हा पेच सोडवायला बरा पडतो.

नुसत्या शब्दांच्या कथेत सांगणारा आणि दाखवणारा एकच असतो. ‘मी ओट्याशी उभी होते’ असं लिहिलं की वाचक त्या ‘मी’च्या आत शिरतो, तिथूनच बघतो. स्क्रीनशॉटच्या कथेत हे जमत नाही. खाली ‘मी ओट्याशी उभी होते’ आणि वर तीच बाई ओट्याशी पाठमोरी उभी. मग हिला बघतंय कोण? वाचक तोंडाने विचारत नाही, पण अडखळतो. म्हणजे इथे निवेदक दोन. एक ओळींमध्ये बोलतो, दुसरा कॅमेरा होऊन बघतो. दोघांची वेगवेगळी नेमणूक करावी लागते.

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. पहिला ‘द सिम्स’ फेब्रुवारी 2000मध्ये आला, तेव्हाच त्यात ‘फॅमिली अल्बम’ची सोय होती: चित्र टिपा, खाली ओळ लिहा, खेळाच्या संकेतस्थळावर चढवा. लोकांनी त्या अल्बमात खानदानांच्या कथा रचल्या. पुष्कळांनी डायरीचा आडोसा घेतला. पात्र आपल्या वहीत लिहितंय आणि चित्रं वहीत चिकटवलेली आहेत, असं गृहीत धरायचं. आडोसा चांगला आहे, पण रात्री दोन वाजता एकटीच रडणाऱ्या बाईचा फोटो कोणी काढला आणि तिने तो स्वतःच्या वहीत का चिकटवला, याला उत्तर नाही.

सकाळी ९.३०

एकच प्रसंग चार तोंडांनी लिहून बघायचं ठरवते. रात्र. रेवा टेबलाशी फॉर्म भरतेय. मिनू झोपेतून उठून आलीय. आई तिला पाण्याचा ग्लास देतेय. चित्र हेच ठेवायचं, ओळी बदलायच्या.

रेवा सांगते: ‘मी फॉर्म भरत होते. आई केव्हा उठली, मला कळलंच नाही.’ वाक्य ठीक आहे, पण कळलंच नाही तर ती आज सांगतेय कशी? म्हणजे पुढे कधीतरी तिला कळलेलं आहे आणि आता ती मागे वळून बघतेय. झालं, अख्खी कथा अपराधीपणाच्या सुरात गेली. मला तो सूर नकोय.

आई सांगते: ‘हात मोकळा मोकळा वाटत होता. पदर जरा पुढे ओढला.’ लिहिल्यावर स्वतःवरच खूश झाले आणि तिथेच सावध झाले. जे कोणाला सांगायचं नाही म्हणून ही बाई जिवाचा आटापिटा करतेय, ते तिने वाचकाला दुसऱ्याच ओळीत सांगून टाकलं. शिवाय चित्राला काही कामच उरलं नाही.

सर्वसाक्षी निवेदक: ‘त्याच दुपारी आईने पाटल्या मोडल्या होत्या. मुलींना याचा पत्ता नव्हता.’ स्वच्छ, नीटनेटकं. चित्र आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं: होय, ओळीत म्हटलंय ते खरं आहे.

मिनू: ‘मला तहान लागली म्हणून मी उठले. ताई अजून लिहीत होती. आईने पाणी दिलं. ग्लास थंड होता.’ पाटल्यांचं नावसुद्धा नाही. नऊ वर्षांच्या मुलीला रात्री तहान, पाणी आणि थंड ग्लास एवढंच लक्षात येणार. पण वर चित्रात ग्लास धरलेला हात आहे आणि मनगट रिकामं आहे. मिनूला जे दिसून कळलेलं नाही, ते वाचकाला दिसतं.

इथे मी खुर्चीत सरळ बसले. कॅमेरा ‘मी’च्या बाहेर असतो ही या प्रकारची अडचण म्हणून मी सकाळपासून तिच्याशी झगडतेय. खरं तर तेच भांडवल आहे. बोलणाऱ्याला जे ठाऊक नाही ते चित्राने दाखवायचं आणि वाचकाला दोघांच्या मध्ये एकटं सोडायचं.

काळाचाही निकाल लावते. ‘आई पाणी देते आहे’ असं वर्तमानात लिहिलं तर ओळ चित्राचं धावतं समालोचन होते. ‘आईने पाणी दिलं’ म्हटलं की चित्र आठवण बनतं. आठवणीत आपण स्वतःलाही बाहेरून बघतो, त्यामुळे मिनू स्वतःच चित्रात असली तरी खटकत नाही. भूतकाळ.

एक पाचवं तोंडही आहे: खेळणाऱ्याचं. 2009मध्ये रॉबिन बर्किनशॉ या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याने ‘द सिम्स ३’मध्ये ‘ॲलिस अँड केव्ह’ ही मालिका केली. बेघर बाप आणि त्याची मुलगी, राहायला मोकळा प्लॉट, झोपायला बाकं. सांगणारा आहे ती माणसं घडवणारा खेळाडू, पण तो शक्यतो त्यांच्यात हात घालत नाही. आपणच निर्माण केलेल्या मुलीचं काय होतंय हे तोही आपल्यासारखाच बघत राहतो. त्या मालिकेत कॅमेरा कोणाचा हा प्रश्नच पडत नाही, कारण सांगणारा उघडउघड कॅमेऱ्यामागे आहे. माझ्या कथेला मात्र हे तोंड चालणार नाही. आईचं गुपित ठरवणारी मीच, हे वाचकाला आठवत राहिलं तर गुपिताला अर्थ राहत नाही.

सकाळी ११.१५

संपादकबाईंचा फोन. “ताई, मिनूचा मसुदा वाचला. गोड आहे. पण पाटल्यांचं वाचकांना कळेल ना? एखादं वाक्य टाका की.”

“वाक्य टाकलं तर चित्र कशाला, मॅडम?”

“अहो, लोक मोबाइलवर वाचतात. अंगठ्याने सरकवत जातात. मनगट कोण बघणार?”

हा मुद्दा खरा आहे. रिकामं मनगट रिकामं दिसायला आधी ते भरलेलं दिसावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या चित्रात पाटल्या ठसठशीत आल्या नाहीत तर नवव्या चित्रातलं मनगट म्हणजे नुसतं एक मनगट. मी म्हटलं, “मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. वाक्य न टाकता जमतंय का बघते.” त्या म्हणाल्या, “बघा बाई, पण आजच बघा. मांडणीवाला माझ्या डोक्यावर बसलाय.”

दुपारी १२.००

पुन्हा खेळात. आईला कपाटासमोर नेते. या खेळात प्रत्येक प्रकारच्या वेशाचे पाच संच ठेवता येतात. रोजच्या वेशाचे दोन करते. साडी तीच, अंबाडा तोच. एका संचात उजव्या हातात दोन पाटल्या, दुसऱ्यात काही नाही. साडी आणि पाटल्या चाहत्यांनी बनवून फुकट ठेवलेल्या वस्तूंमधून घेतल्यात. मूळ खेळात आपल्याकडचं थोडंफार सापडतं. 2021मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून घेतलेला कपड्यांचा एक छोटा संच आला होता, पण त्यातले कपडे रेवाच्या वयाचे. आईला त्यातलं काही शोभत नाही.

आता चौथं चित्र. आई पोळ्या लाटतेय, मिनू शेजारी. लाटण्याची हालचाल मूळ खेळात नाही, ती ‘पोझ’ म्हणून वेगळी बसवावी लागते. पोझ दिली, खेळ थांबवला, टॅब दाबून मोकळा कॅमेरा घेतला. ‘क्यू’ आणि ‘ई’ने कॅमेरा वरखाली होतो.

खेळाची सवय वरून बघण्याची. छत काढून घर बघायचं, देवाने बघावं तसं. तिथून टिपलं तर आईचा अंबाडा आणि मिनूचा भांग दिसतो, पाटल्या दिसत नाहीत. कॅमेरा उतरवत आणते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आई व्यवस्थित दिसते, पण मिनू खाली कोपऱ्यात सापडते, कोणीतरी मोठं माणूस दोघींकडे बघतंय असं वाटतं. आणखी खाली. मिनूच्या डोक्याच्या जरा मागे, तिच्याच उंचीला. आता आईचा चेहरा चौकटीच्या वरच्या कडेला अर्धा कापला जातो, आणि बरोबर मध्ये येतात लाटणारे हात. उजवा हात, दोन पाटल्या.

हाच. हा कॅमेरा मिनूचा डोळा नाही. तो तिच्या पाठीशी उभा आहे, तिच्याच उंचीचा, पण तिच्यापेक्षा नीट बघणारा. मिनू पिठाकडे बघतेय, तो हातांकडे बघतोय.

अडचण एकच. एवढ्या खालून बघताना मागची भिंत आडवी येते. भिंत पाडली तर खेळ त्या खोलीला उघडी जागा समजतो आणि आत भर दुपारचं ऊन शिरतं. संध्याकाळच्या स्वयंपाकघरात बाराचं ऊन! म्हणून भिंत पाडायची नाही, दोन चौकटी मागे सरकवायची. खोली बंद राहते आणि कॅमेऱ्याला मागे जायला जागा मिळते. फ्रिज तेवढा चित्रापुरता उचलून बाजूला.

कंट्रोल आणि पाच दाबून कॅमेऱ्याची ही जागा बांधून ठेवते. आता नुसता पाचचा आकडा दाबला की कॅमेरा नेमका इथे येईल. नववं चित्र, ग्लास देतानाचं, याच जागेवरून, याच कोनातून. फक्त वेशाचा दुसरा संच. एकाच जागेवरून दोनदा बघितल्यावर डोळा फरक शोधतोच. संपादकबाईंच्या अंगठ्याचा विचार करून दोन्ही चित्रांत हात चौकटीच्या मधोमध ठेवलाय.

दुपारी १.४५

आमटी-भात. लॅपटॉप बंद.

दुपारी २.३०

डोळ्यांना विश्रांती म्हणून पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहते. मराठी वाचकाला ‘मी’ बदलत जाण्याचं अजिबात वावडं नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही. मीही तिघींना आळीपाळीने बोलवू शकले असते. पण तिथे प्रत्येक ‘मी’ वाचकाला नवी माहिती आणून देतो. माझ्याकडे ते काम कॅमेरा करतोय. आणखी दोन तोंडं आणली तर त्याला बेकार करून ठेवीन.

‘बनगरवाडी’ (1955) जास्त जवळची. गाव धनगरांचं, सांगणारा बाहेरून आलेला मास्तर. आपल्या समोर जे घडतं ते सांगतो, फार अर्थ लावत बसत नाही. मिनू वयाने लहान, घरातलीच, पण मोठ्यांच्या व्यवहारात तीही बाहेरचीच.

आणि पिंगुळीचे चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे चित्र सगळ्यांना दिसत असतं, म्हणून सांगणारा त्यात दिसणाऱ्या गोष्टींची यादी करत नाही. तो चित्राला आवाज देतो. राम काय म्हणाला, रथ कसा वाजला. जे कागदावर येऊ शकत नाही ते त्याच्या गळ्यातून येतं.

हे मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलं: दिसतं ते लिहू नकोस, ऐकू येतं ते लिही.

दुपारी ४.००

भाची कॉलेजातून थेट इकडे. चप्पल काढतानाच विचारते, “मावशी, ठरलं का कोण बोलतंय?”

“मिनू.”

“मग फर्स्ट पर्सन कॅमेराच वापर ना! शिफ्ट-टॅब दाबलं की तिच्याच डोळ्यांतून दिसतं.”

ही सोय ‘सिम्स ४’मध्ये 2018मध्ये आली. आम्ही दोघी मिनूच्या डोळ्यांत शिरून घरभर फिरतो. ओटा कपाळाला लागेल इतका उंच, आई म्हणजे निऱ्या आणि वर कुठेतरी हनुवटी. मजा येते. पण दहा चित्रं अशी लावून बघितली तर मिनू कथेतून नाहीशीच होते. तिचा चेहरा नाही, फ्रॉक नाही, झोपेत विस्कटलेले केस नाहीत. जिच्यावर वाचकाने जीव लावायचा तीच दिसत नाही. शिवाय डोळाही मिनूचा आणि तोंडही मिनूचं झालं की चित्राला तिच्यापेक्षा जास्त काही कळत नाही. सकाळी सापडलेलं भांडवल गेलं.

“पण ‘हेलो’ तर फर्स्ट पर्सनच खेळ आहे आणि त्यात अख्खी ‘रेड व्हर्सेस ब्लू’ मालिका केलीय,” ती म्हणते.

केलीय खरी, 2003पासून. पण कशी? एका खेळाडूला कॅमेरामन नेमून. त्याने पात्र म्हणून खेळायचं नाही, बाकीच्यांकडे नुसतं बघायचं, आणि त्याच्या पडद्यावर जे दिसेल तो सिनेमा. पडद्यावरची खेळाची चिन्हं झाकायला वरखाली काळ्या पट्ट्या. म्हणजे ज्या खेळात सगळं ‘मी’च्या डोळ्यांतून दिसतं, तिथेही गोष्ट सांगायची म्हटल्यावर बघणारा वेगळा उभा करावा लागला.

“बरोबर आहे,” भाची म्हणते, आणि पोह्यांची उरलेली कढई घेऊन बसते.

संध्याकाळी ५.३०

ओळींवर फिरणारी कात्री. चिठ्ठीवरचा नियम लावायचा. ‘ताई टेबलाशी बसून लिहीत होती’ यातलं टेबल चित्रात आहे. उडवा. ‘ताईचं पेन करकरत होतं.’ हे राहू दे. ‘आईने निळी साडी नेसली होती.’ उडवा. ‘आईने थोडंसं हसून माझ्याकडे पाहिलं.’ हसूही दिसतंय, पाहणंही दिसतंय. उडवा.

सातव्या चित्राखाली मीच मिनूच्या तोंडी घातलेलं एक वाक्य आहे: ‘आईला कसलीतरी काळजी होती.’ नऊ वर्षांची मुलगी असं बोलत नाही, हे तिच्या आडून मी बोलतेय. त्याजागी येतं: ‘आईने आमटीत दोनदा मीठ घातलं.’ काळजी वाचकाने ओळखावी.

आणि ऐकू येणाऱ्या गोष्टी शोधता शोधता जे हवं होतं ते सापडतं. पाटल्या दोन आहेत, एकाच हातात आहेत. म्हणजे त्या वाजणार. पहिल्या चित्राखालची ओळ बदलते: ‘आई उठली की खणखण होते. मग मला जाग येते.’ चित्रात आवाज नाही, मिनूला पाटल्यांची किंमत ठाऊक नाही, पण तिला हा आवाज ठाऊक आहे. सकाळचा गजरच तो तिचा.

आता शेवटच्या चित्राची ओळ आपसूक येते. रेवा बॅग घेऊन निघाली आहे. ‘आईने हात हलवला. खणखण झाली नाही.’

पाटल्या हा शब्द अख्ख्या कथेत एकदाही आलेला नाही.

रात्री ८.३०

जेवणं झाल्यावर दोन चाचण्या. आधी आईला नुसत्या ओळी वाचून दाखवते, चित्रांशिवाय. ती ऐकते आणि म्हणते, “पोरगी गोड आहे. पण आईचं काय झालं?” उत्तम. मग भाचीच्या फोनवरून तिच्या एका मैत्रिणीला नुसती चित्रं पाठवतो, ओळींशिवाय. तिचं उत्तर येतं: आईचे दागिने गेले का, पण ती छोटी मुलगी कशाला आहे यात? हेही उत्तम. दोन्हीपैकी एकाने एकट्याने कथा पुरी केली असती तर दुसरं फुकट गेलं असतं.

मग दोन्ही एकत्र, आईसमोर. नवव्या चित्राला ती बोट लावून चौथ्यावर मागे जाते, पुन्हा नवव्यावर येते. काही विचारत नाही.

रात्री १०.००

शेवटचं चित्र राहिलंय. सगळीकडे कॅमेरा मिनूच्या पाठीशी आहे. इथे काय करायचं? खणखण झाली नाही हे मिनूने ओळखलंय. काय विकलं, कशासाठी, हे तिला माहीत नसेल, पण काहीतरी गेलंय हे तिला पहिल्यांदाच जाणवलंय. इतका वेळ वाचक तिच्या पुढे होता. या क्षणी ती त्याच्या बरोबरीला आली. मग आता पाठीमागून बघणाऱ्याची गरज संपली.

शिफ्ट आणि टॅब. मिनूच्या डोळ्यांतून: दार, पायरीवर पाठमोरी रेवा, आणि चौकटीच्या वरच्या कडेजवळ आईचा हलणारा हात. अख्ख्या कथेत एकदाच. भाचीला उद्या सांगावं लागेल की तिचं म्हणणं मी एका चित्रापुरतं मान्य केलं.

रात्री १०.४०

संपादकबाईंना मेल: ‘कथा जोडली आहे. निवेदन मिनू. कॅमेरा मिनूचा नाही, शेवटचं चित्र सोडून. पाटल्यांचं वाक्य घातलेलं नाही, आवाज घातलाय, पहिली आणि शेवटची ओळ बघा. मांडणीवाल्यांना एवढंच सांगा की चौथं आणि नववं चित्र एकाच मापात आणि पडद्याच्या पूर्ण रुंदीने लावा. कडा कापू नका, हात मधोमध राहू द्या. नववं लहान केलंत तर मिनूला फक्त तहान लागली होती, एवढंच वाचकाला कळेल.’